वळ्ळलार कोणाचे? वडलूरच्या सभेतील पूजेच्या वादामागची पार्श्वभूमी

तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यातल्या वडलूर येथे जून २०२३ मध्ये रामलिंग स्वामींच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या नावाने वळ्ळलारांच्या, द्विशताब्दी वर्षानिमित्त झालेल्या एका समारंभात राज्यपालांनी त्यांचे वर्णन सनातन धर्माच्या हजारो वर्षांच्या परंपरेतील तेजस्वी तारा असे केले आणि त्यावरून राज्यभर वादाला तोंड फुटले. सत्ताधारी पक्षाने, डाव्यांनी आणि सन्मार्गाच्या, म्हणजे वळ्ळलारांनी घालून दिलेल्या मार्गाच्या, अनेक अनुयायांनी याला हरकत घेतली. ज्या माणसाने वेद, आगम, पुराणे आणि वर्णाश्रम यांच्यापासून दूर राहण्यास सांगितले, त्याला त्याच परंपरेच्या माळेत ओवता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंनी वळ्ळलारांच्याच पदांचे दाखले दिले आणि ते दाखले खोटे नव्हते. १८६७ साली छापले गेलेले वळ्ळलार आणि १८७३ साली वडलूरजवळच्या मेट्टुकुप्पमच्या ओसरीवरून बोलणारे वळ्ळलार यांच्यात जे अंतर पडले, ते लक्षात न घेतल्यामुळे गेल्या दीडशे वर्षांतले बहुतेक वाद उद्भवले आहेत. त्यांनीच वडलूरला उभारलेल्या सत्य ज्ञान सभेत, म्हणजे ज्योतीच्या उपासनामंदिरात, पूजा कशाची करायची, हा त्यांपैकी सर्वांत चिवट वाद होय, कारण तो ग्रंथांच्या पानांत न राहता गाभाऱ्यापर्यंत आणि तेथून न्यायालयापर्यंत गेला.

आरंभीचे आयुष्य थोडक्यात सांगता येईल. रामलिंगांचा जन्म ५ ऑक्टोबर १८२३ रोजी चिदंबरमजवळच्या मरुदूर गावी, गावाचे हिशेब आणि दप्तर सांभाळणाऱ्या करुणीगर जातीत झाला. वडील लवकर वारल्यामुळे आई मुलांना घेऊन आधी पोन्नेरीला आणि नंतर मद्रासला आली. थोरले बंधू शैव पुराणांवर प्रवचने करून घर चालवीत. धाकट्याचे मन शाळेत रमले नाही. कंदकोट्टमचे मुरुगन मंदिर आणि पुढे तिरुवोट्टियूरचे शिवालय हीच त्यांची पाठशाळा झाली. आग्रहाखातर भाचीशी विवाह झाला, पण संसार मांडला गेला नाही. असे असले तरी त्यांना न शिकलेला बैरागी समजणे चुकीचे ठरेल. १८५० च्या दशकात त्यांनी जुने तमिळ ग्रंथ शोधून छापून काढले, त्यांना टीका आणि प्रस्तावना जोडल्या, आणि गद्यही लिहिले. मद्रासच्या छापखान्यांचे जग त्यांना आतून ठाऊक होते, ही गोष्ट पुढे अरुट्पाच्या, म्हणजे त्यांच्या पदांच्या संग्रहाच्या, वादात महत्त्वाची ठरली.

त्यांच्या मागे उभी असलेली परंपरा फार जुनी आहे. सातव्या शतकातले बालसंत तिरुज्ञानसंबंधर यांना ते आपले गुरू मानत. सिद्ध म्हटल्या जाणाऱ्या योगी-कवींच्या तमिळ परंपरेतून देह अविनाशी करण्याची कल्पना आणि ज्योतीची उपासना त्यांच्यापर्यंत आली होती, आणि अठराव्या शतकातील समन्वयवादी तमिळ कवींनी सर्व मतांना एका पातळीवर आणण्याची भाषा आधीच घडवलेली होती. त्यामुळे त्यांची पहिली काही हजार पदे शिव, मुरुगन आणि नटराज यांना उद्देशून आहेत, यात नवल नाही. खरा पालट त्यांनी १८५८ मध्ये मद्रास सोडल्यानंतर झाला.

चिदंबरम परिसरात आल्यावर ते करुंगुळी या लहानशा गावी एका रेड्डी गृहस्थाच्या घरी सुमारे नऊ वर्षे राहिले. मद्रासमधील व्यापाऱ्यांच्या आणि पंडितांच्या वर्तुळातून दक्षिण आर्काटच्या कोरडवाहू शेतीच्या मुलखात आलेल्या या माणसाने जे पाहिले, ते त्यांच्या पदांत उतरले. करपलेले पीक जेव्हा जेव्हा पाहिले तेव्हा तेव्हा मीही करपलो, दारोदार हिंडूनही भूक न भागलेल्या गरिबांना पाहून जीव तळमळला, असे सांगणारे त्यांचे पद आज तमिळनाडूत शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. १८६६ साली ओडिशापासून मद्रास इलाख्याच्या काही भागांपर्यंत दुष्काळ पडला होता, आणि १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ अजून दहा वर्षे दूर होता. या दोन दुष्काळांच्या मधल्या काळात, २३ मे १८६७ रोजी, वडलूर येथे धर्मशाळेची चूल पेटली. पार्वतीपुरम गावच्या रहिवाशांनी यासाठी ८० कानी, म्हणजे सुमारे १०६ एकर जमीन कोणताही मोबदला न घेता दिली होती. सुमारे २१ फूट लांबीच्या त्या चुलीतला विस्तव तेव्हापासून विझू दिलेला नाही, असे संस्थेची परंपरा सांगते, आणि येणाऱ्याला जात, धर्म किंवा गाव न विचारता जेवू घालण्याचा क्रम आजही चालू आहे.

वळ्ळलारांच्या शिकवणीचे मर्म या चुलीत आहे, असे माझे मत आहे. त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण ज्योती, सिद्धी आणि देह अदृश्य होणे यांवर पानेच्या पाने खर्च करतात आणि भुकेवर एखादे वाक्य लिहून पुढे जातात. त्यांच्या स्वतःच्या लेखनात प्रमाण नेमके उलटे आहे. जीवकारुण्याच्या आचरणाविषयीचे त्यांचे गद्य उघडून पाहिले तर भूक चढू लागली की माणसाचे काय होते याचे, वैद्याने लक्षणे नोंदवावीत तसे, वर्णन आढळते: बुद्धी विखुरते, चेहरा काळवंडतो, डोळे खोल जातात, कानांत आवाज घुमतो, जीभ सुकते. भक्तिसाहित्यात उपवासाची थोरवी सांगणारी पदे हवी तितकी मिळतील; उपाशी देहाचे असे बारकाईने केलेले वर्णन क्वचित मिळते. जीवकारुण्य हीच मोक्षगृहाची किल्ली आहे, असे ते तेथे म्हणतात, आणि भुकेल्याचा देश, जात, धर्म वा वागणूक विचारात न घेता आधी त्याची भूक शमवावी, असे स्पष्ट बजावतात.

त्याच लेखनात कर्मसिद्धान्ताचा जो प्रतिवाद त्यांनी केला आहे, तो मुद्दाम पाहण्यासारखा आहे. उपाशी माणूस मागल्या जन्मीचे भोगतो आहे आणि ती ईश्वराची आज्ञा आहे, तेव्हा त्याला अन्न देणे म्हणजे त्या आज्ञेत ढवळाढवळ करणे होय, असा आक्षेप त्या काळी घेतला जात असे. वळ्ळलार कर्मसिद्धान्त नाकारत नाहीत. ते राजाचा दाखला देतात. राजाने घोर अपराध्याच्या पायांत बेड्या घालून त्याला तुरुंगात टाकले, तरी तो आपल्या सेवकांकरवी त्याला अन्न पोचवतोच. मग शिक्षा आणि उपासमार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भुकेल्याला जेवू घालणारा आज्ञा मोडत नसून ती पाळतो आहे. कर्माची चौकट तशीच ठेवून तिच्यातली निष्ठुरता काढून घेण्याची ही युक्ती ज्या श्रोत्यांसाठी होती, ते कर्मावर विश्वास ठेवणारे गावकरी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

धर्मशाळेच्या दोन वर्षे आधी, १८६५ मध्ये, त्यांनी एक संघ स्थापन केला होता. त्याचे पहिले नाव समरस वेद सन्मार्ग संघ असे होते. १८७२ मध्ये ते बदलून समरस शुद्ध सन्मार्ग सत्य संघ असे करण्यात आले. ‘वेद’ गेला आणि ‘शुद्ध’ आला. हा बदल त्यांनी स्वतः आणि समजून केला होता, आणि त्याच सुमारास धर्मशाळा व ज्ञानसभा यांच्या नावांमागेही ‘सत्य’ लागले. सनातन परंपरेचे वळ्ळलार आणि परंपरेबाहेरचे वळ्ळलार यांच्यातली सीमारेषा शोधायची असेल, तर ती या सात वर्षांच्या आतच कोठे तरी आहे.

या काळातच त्यांच्यावर सर्वांत कडवा हल्ला झाला, आणि तो सनातनी पुरोहितांकडून नव्हे तर सुधारलेल्या, छापखान्याची ताकद ओळखणाऱ्या शैव पांडित्याकडून झाला. १८६७ मध्ये शिष्यांनी त्यांच्या पदांचे चार भाग छापले, संग्रहाला तिरुवरुट्पा असे नाव दिले आणि भागांना तिरुमुरै म्हटले. तिरुमुरै ही संज्ञा शैवांच्या बारा प्रमाण ग्रंथांसाठी राखीव होती. हयात असलेल्या, ब्राह्मणेतर, कोणत्याही मठाची दीक्षा नसलेल्या माणसाच्या पदांना ती लावणे श्रीलंकेतील जाफन्याच्या एका नामांकित शैव विद्वानांना असह्य झाले. त्यांनी हे खोटे अरुट्पा आहे असे सांगणारी पत्रके काढली, वळ्ळलारांच्या बाजूने उत्तरे निघाली, आणि १८६९ मध्ये चिदंबरमच्या मंदिरातील एका सभेत जे बोलले गेले त्यावरून प्रकरण कडलूरजवळच्या मंजकुप्पम न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयातल्या प्रसंगाच्या आख्यायिका दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने रंगवल्या आहेत. येथे एवढेच नोंदवणे पुरे की हा वाद दोघांच्या पश्चातही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत चालला, आणि त्यात वळ्ळलारांची बाजू हिरिरीने मांडणाऱ्यांत एक मुस्लिम तमिळ कवीही होते.

सत्य ज्ञान सभेची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. चिदंबरममध्ये शिवाचे नृत्य जेथे चालते असे मानतात त्या सभेवर आणि मंदिराच्या कारभारावर दीक्षित या ब्राह्मण पुजारी समूहाचा वंशपरंपरागत अधिकार होता. वळ्ळलारांनी वडलूरला उत्तर ज्ञान चिदंबरम म्हटले आणि तेथे अष्टकोनी, दक्षिणाभिमुख अशी सभा उभारली. २५ जानेवारी १८७२ रोजी, तै महिन्यातील पूसम म्हणजे पुष्य नक्षत्राच्या दिवशी, तिचे उद्घाटन झाले. आत चित्सभा आणि पोर्सभा अशी चिदंबरमची आठवण देणारी अंगे आहेत, पण मध्यभागी लिंग नाही, नटराज नाही. काचेमागे ज्योती आहे आणि तिच्यापुढे सात रंगांचे सात पडदे आहेत. हे पडदे म्हणजे आत्मज्योती झाकून टाकणारी मायेची आवरणे होत. दर महिन्याच्या पूसमला काही पडदे सरतात. तैप्पूसमला सातही सरतात आणि दिवसभरात ठराविक वेळी पूर्ण दर्शन होते. त्या दिवशी लाखो लोक सभेपुढच्या मोकळ्या मैदानात उभे राहून ते पाहतात. सभेची रचनाच अशी आहे की दर्शन गाभाऱ्यात शिरून घेण्याऐवजी बाहेरच्या पटांगणातून, सर्वांनी एका वेळी, घ्यायचे असते. मंदिरात कोण किती आत जाऊ शकतो यावर माणसाची पायरी ठरणाऱ्या समाजात या रचनेचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नव्हती.

उद्घाटनानंतर सहा महिन्यांनी, १८ जुलै १८७२ रोजी, त्यांनी सभेतल्या वहिवाटीचे नियम लिहून दिले. ते नियम वाचताना त्यांतला बारकावा जाणवतो. दिवा पत्र्याचा, काच लावलेला असावा. पितळेची समई नको, वर टांगायच्या हंड्याही नकोत. आतली धूळ पुसण्याचे आणि दिवा ठेवण्याचे काम बारा वर्षांखालील मुलांनी किंवा बहात्तर वर्षांवरील वृद्धांनी करावे. पुरोहिताच्या घराण्याचा तेथे उल्लेख नाही, मंत्रांचे पाठांतर नाही, अभिषेक नाही, नैवेद्य नाही. एखाद्या संस्थापकाला आपल्या मागे काय होणार याची भीती वाटत असेल तर तो असेच नियम लिहील. वय सोडून दुसरी पात्रताच ठेवली नाही, म्हणजे जात आपोआप बाद होते आणि मुलगा बापाच्या जागी बसण्याचा मार्गही बंद होतो, कारण बारा वर्षे उलटली की त्याला हे काम सोडावेच लागते.

याच सुमारास त्यांचे सामाजिक विचारही अधिक धारदार झाले. पती वारल्यावर पत्नीचे मंगळसूत्र उतरवू नये, मृतदेह जाळू नये तर पुरावा, श्राद्धतिथीची कर्मे करू नयेत, अशा सूचना त्यांनी अनुयायांना दिल्या. तमिळ, संस्कृत आणि इंग्रजी शिकवणारी, वयाची अट नसलेली पाठशाळा काढण्याचा घाट घातला. आंधळ्या चालीरीती सगळ्या मातीत गाडल्या जावोत, हे त्यांचे पद याच उत्तरकाळातले आहे. चार वर्ण, आश्रम आणि आचार या गोष्टींना त्यांनी पोरखेळ म्हटले.

मग २२ ऑक्टोबर १८७३ रोजी मेट्टुकुप्पम येथील आपल्या निवासावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा ध्वज फडकवून त्यांनी ते दीर्घ भाषण केले, ज्याला अनुयायी पेरुपदेशम म्हणजे महान उपदेश म्हणतात. वेद, आगम, पुराणे, इतिहास यांत लक्ष घालू नका, कारण त्यांनी सत्य सरळ न सांगता खुणांच्या भाषेत झाकून ठेवले आहे. शैव, वैष्णव इत्यादी मतांवरही भिस्त ठेवू नका, असे ते त्यात म्हणतात. पुढे त्यांनी स्वतःविषयी जे सांगितले ते अधिक महत्त्वाचे आहे: शैव मतावर आपली किती निष्ठा होती हे आपल्या पदांवरूनच दिसेल, पण तेव्हा आपली समज तेवढीच होती, आणि ती निष्ठा सोडल्यावरच आपण या स्थितीला पोचलो. आपल्याच प्रसिद्ध झालेल्या पदांच्या मोठ्या भागाला त्यांनी अशी मर्यादा घालून दिली. जे लोक आज त्यांना फक्त शैव संत म्हणतात, त्यांनी १८६७ च्या पुस्तकाबरोबर १८७३ चे हे भाषणही वाचायला हवे. आणि जे त्यांना निव्वळ बंडखोर ठरवतात त्यांनी हेही मान्य करायला हवे की त्या भाषणाच्या अखेरीसही अरुट्पेरुंज्योतीच्या, म्हणजे कृपेच्या महाज्योतीच्या, मंत्राचाच जप आहे. ईश्वर त्यांनी टाकला नाही. त्याच्याभोवतीची कुंपणे टाकली.

ज्ञानसभा त्यांच्या हयातीतच अडचणीत आली होती. नियम पाळले जात नाहीत असे दिसल्यावर त्यांनी स्वतः सभेला कुलूप लावले, असे परंपरा सांगते. दुकान मांडले पण घेणारे कोणी आले नाही, म्हणून बंद केले, हे उद्गारही त्यांच्या नावावर सांगितले जातात. ३० जानेवारी १८७४ च्या रात्री मेट्टुकुप्पमच्या खोलीत शिरून त्यांनी दार लावून घेतले, आणि त्यानंतर ते कोणाला दिसले नाहीत. अधिकाऱ्यांनी येऊन दार उघडले तेव्हा खोली रिकामी होती, असे भक्तांची चरित्रे सांगतात; १९०६ च्या दक्षिण आर्काट जिल्हा गॅझेटिअरने मात्र ते पुन्हा दिसले नाहीत आणि खोलीला अजून कुलूप आहे, अशी नोंद केली. भक्तांच्या श्रद्धेप्रमाणे त्यांचा देहच प्रकाशात विलीन झाला. या प्रसंगावर जितकी चर्चा झाली तितकी त्याआधीच्या काही आठवड्यांतील एका साध्या कृतीवर झाली नाही: कार्तिगै महिन्यात त्यांनी खोलीतला दिवा उचलून बाहेर ठेवला आणि याचीच खंड न पडू देता आराधना करा, असे शिष्यांना सांगितले.

त्यांच्या पश्चात जे घडले ते धार्मिक संस्थांच्या इतिहासात अनेकदा घडलेले आहे. ज्ञानसभेचे दार पुन्हा उघडले ते त्यांच्याच एका ब्राह्मण शिष्याच्या, शिवाचार्य म्हणजे शैव मंदिरांच्या पुजाऱ्यांच्या घराण्यातील व्यक्तीच्या पुढाकाराने, आणि तेथील सेवा हळूहळू त्याच घराण्यात वंशपरंपरेने चालू झाली. त्या शिष्याच्या भक्तीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. सभा बंद पडू न देण्याचे श्रेयही त्याला द्यावे लागेल. परंतु शिवाचार्याला जी पूजा येते तीच तो करणार. काळाच्या ओघात सभेत लिंग आणि इतर मूर्ती आल्या, आगमोक्त उपचार सुरू झाले, आणि दोन-तीन पिढ्यांनी पाहणाऱ्याला ते मूळचेच आहेत असे वाटू लागले. समई नको म्हणणाऱ्याच्या सभेत समईसह सगळा सरंजाम आला.

सन्मार्गाचे जे अनुयायी १८७२ चे नियम प्रमाण मानत होते, त्यांनी अनेक वर्षे तक्रारी केल्या. अखेर राज्याच्या देवस्थान खात्यातील एका अधिकाऱ्याने सप्टेंबर २००६ मध्ये आदेश दिला की सभेत वळ्ळलारांनी लिहून दिलेल्या नियमांप्रमाणे ज्योतीचीच आराधना व्हावी आणि लिंगपूजा किंवा अन्य मूर्तिपूजा तेथे होऊ नये. वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी त्याविरुद्ध खात्यातील वरिष्ठांकडे अपील केले. ते फेटाळले गेल्यावर प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. मार्च २०१० मध्ये न्यायालयाने खात्याचा आदेश कायम ठेवला.

या निकालावर दोन प्रकारची टीका झाली आणि दोन्ही विचारात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की शंभराहून अधिक वर्षे चालत आलेली वहिवाट हाही त्या स्थानाचा इतिहासच असतो, आणि ज्या भक्तांना लिंगाचे दर्शन घेण्याची सवय झाली होती त्यांच्या श्रद्धेला सरकारी हुकमाने धक्का देणे योग्य नव्हे. दुसरी टीका अधिक खोल आहे: आपल्या सभेत पूजा कशी करावी हे सरकारी खाते ठरवील, ही कल्पना सर्व संस्थात्मक धर्मापासून दूर गेलेल्या वळ्ळलारांना मान्य झाली असती का? माझ्या मते पहिल्या टीकेला उत्तर आहे. वहिवाट तेव्हाच प्रमाण ठरते जेव्हा संस्थापकाने काही सांगून ठेवलेले नसते. येथे त्याने दिव्याच्या पत्र्यापर्यंत सगळे लिहून ठेवले होते. दुसऱ्या टीकेला तितके सरळ उत्तर नाही. सन्मार्गाच्या अनुयायांमध्ये मठ नाही, पीठ नाही, सर्वांना बांधून ठेवणारी कोणतीही सभा नाही. अशा स्थितीत संस्थापकाचे नियम अमलात आणायला सरकारी खात्याखेरीज दुसरे कोणी उरलेच नव्हते. स्वातंत्र्य जपण्यासाठी ज्यांनी संघटना उभी केली नाही, त्यांना त्याच स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी सरकारी कचेरीत जावे लागले.

२०१० च्या निकालाने एक प्रश्न अस्पर्श ठेवला, आणि अनुयायीही त्याविषयी फारसे बोलत नाहीत. सभेच्या दाराशी हत्या व मांसाहार सोडलेल्यांनीच आत यावे, असा मजकूर आहे, आणि तो नियम वळ्ळलारांचाच आहे. मांस खाणाऱ्यांना त्यांनी बाहेरचे म्हटले. त्यांची भूक भागवावी, पण सन्मार्गाच्या साधनेत त्यांना घेऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. जीवदया हाच धर्म मानणाऱ्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही. तरीही १८७२ च्या दक्षिण आर्काटमध्ये कोण मांस खात होते आणि कोण नाही, ही रेषा बऱ्याच अंशी जातीच्या रेषेवरूनच जात होती, आणि शेतमजुरी करणाऱ्या अस्पृश्य जातींतील माणसाला हा नियम जातीच्या नियमासारखाच भासला असणार. जन्म बदलता येत नाही, आहार आज ठरवून आज सोडता येतो, हे अनुयायांचे उत्तर बरोबर आहे. पण ज्याच्या ताटात काय येईल हे त्याच्या मालकाच्या मर्जीवर अवलंबून होते, त्याच्यासाठी ते उत्तर पुरेसे नव्हते. धर्मशाळेत अशी अट नाही, हे मात्र येथे पुन्हा सांगायला हवे. सर्वांसाठी उघडी असलेली जागा त्यांनी जेवणाची केली आणि अटीची जागा दर्शनाची केली, हा क्रम त्यांच्या विचाराला धरूनच होता.

पदांच्या प्रकाशनाचा इतिहासही याच ओढाताणीचा आहे. पहिले चार भाग १८६७ मध्ये निघाले, पाचवा १८८० मध्ये आणि सहावा १८८५ मध्ये. ज्यात मतांचा आणि आचारांचा सर्वांत कठोर निषेध आहे तो हाच सहावा भाग. तो पट्टशिष्याने आपल्या हातून छापला नाही, इतरांनी छापला. तोच शिष्य १८८२ मध्ये थिऑसॉफी चळवळीच्या प्रवर्तकांपुढे निवेदन करून, परदेशातून येणाऱ्या बंधुभावाच्या दूतांची भविष्यवाणी आपल्या गुरूंनी केली होती असे सांगत होता. विसाव्या शतकात पेरियारांच्या आत्मसन्मान चळवळीने सहाव्या भागातील जातिविरोधी पदे उचलली आणि त्यांतला ईश्वर बाजूला ठेवला; शैव प्रकाशकांनी पहिले भाग उचलले आणि सहाव्याची धार बोथट करणारे अर्थ लावले. १९३१ ते १९५८ या काळात निघालेल्या बारा खंडांच्या आवृत्तीमुळे पत्रे, जाहिराती, नियम आणि गद्य हे सगळे प्रथमच एकत्र वाचायला मिळाले, आणि १८७२ च्या नियमांचा आधार घेणाऱ्यांचे म्हणणे बळकट होण्यामागे हे संपादन आहे.

अलीकडच्या काळात राज्य सरकारने स्वतः वळ्ळलारांचा वारसा पुढे आणला. ५ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिन त्यांच्या मंत्रातील शब्द घेऊन ‘अतुल्य महाकरुणा’ अशा अर्थाच्या नावाने साजरा करण्याचे ठरले, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या द्विशताब्दी वर्षात राज्यात ठिकठिकाणी अन्नदानाचे कार्यक्रम झाले. त्याचबरोबर वडलूर येथे सुमारे १०० कोटी रुपये खर्चून आंतरराष्ट्रीय केंद्र उभारण्याची योजना आखण्यात आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची पायाभरणी झाली. केंद्रासाठी निवडलेल्या जागेत सभेपुढच्या पटांगणाचा, म्हणजे तैप्पूसमला लाखोंनी उभे राहण्याच्या पेरुवेळीचा भाग होता. खोदकाम सुरू होताच ज्या पार्वतीपुरमच्या रहिवाशांच्या पूर्वजांनी जमीन दिली होती, त्यांनीच ते अडवले. ही जागा मोकळी राहावी म्हणून दिली होती, इमारतीसाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, पुरातत्त्वाच्या दृष्टीने पाहणी करण्याचा मुद्दा पुढे आला, आणि त्या सुनावण्यांतून दुसरीच एक गोष्ट उघड झाली: मूळच्या सुमारे १०६ एकरांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जमीन अतिक्रमणांखाली गेलेली आहे. सभेतील पूजा १८७२ च्या नियमांवर परत आणण्यासाठी ज्या खात्याने आदेश काढला होता, त्याच खात्याकडे या जमिनीच्या राखणीची जबाबदारी होती. केंद्र बांधू नये असे कोणी म्हणत नव्हते. ते पटांगण सोडून शेजारी किंवा अन्यत्र बांधावे, अशी आंदोलकांची मागणी होती, आणि बाहेर उभे राहून सर्वांनी एका वेळी दर्शन घेण्याची जी योजना १८७२ मध्ये केली गेली, तिला मोकळ्या जागेवाचून अर्थ राहत नाही, हा त्यांचा युक्तिवाद कोणत्याही शास्त्राधारापेक्षा भक्कम आहे.